मालकांचे पाच मासे

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला ते समजावून सांगायला नको. दूधवाला माप भरताना अंगठा कुठं धरतो ते मी बघते. भाजीवाली जास्त गोड बोलली की माझा हात आधी वांग्याच्या देठाखाली जातो. सासूबाई म्हणायच्या, गुरम्माच्या नजरेतून सुई सुटायची नाही. या नजरेचा मला फार अभिमान होता. शहात्तर सालच्या हिवाळ्यात तो उतरला, आणि कसा उतरला ते सांगायला बसले आहे.

मालक म्हणजे माझे यजमान, चनमल्लप्पा. आमचा चादरींचा कारखाना होता. सोळा मागांच्या खडखडाटातून मालकांची हाक रस्त्यापर्यंत जायची. त्या वर्षी उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. कारखाना जावयांनी सांभाळला. मालक हॉलमधल्या वेताच्या खुर्चीत बसून राहिले. काही विचारलं तर नुसतं "अं... अं..." करायचे, आणि ते आपल्यालाच ऐकू आलं की तोंड फिरवायचे. डॉक्टर म्हणाले, यांना बोलावंसं वाटेल असं काहीतरी समोर ठेवा. मी समोर होतेच, पण माझ्याशी त्यांना बोलावंसं वाटत नव्हतं.

धाकटे दीर शिवप्पा गोव्याला, वास्कोच्या बंदरात नोकरीला होते. दिवाळीला गदगच्या गाडीनं आले ते आठ कॅन भरून समुद्राचं पाणी घेऊन. एका कॅनमध्ये पाच मासे होते आणि सोबत ओल्या गोणपाटात गुंडाळलेला, कलिंगडाएवढा एक दगड होता, मधाच्या जुन्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा. लोखंडी अँगलमध्ये काचा बसवून टाकी इथंच करून घेतली. झाकण लावलं, हवेचा पंप लावला. आमच्या घरात समुद्र पाहिलेला माणूस एकटे शिवप्पाच. हॉलमध्ये त्याचा हंडाभर तुकडा येऊन बसला तेव्हा अख्खी गल्ली चपला काढून बघून गेली.

जाताना भावजींनी मला बजावलं, "वैनी, पाणी आटेल तेवढं गोडं पाणी वरून तांब्यानं घाला, तेही हळूहळू. बाकी गोड्या पाण्याचा संबंध नाही. ही खाऱ्या पाण्यातली जित्राबं. नुसत्या गोड्या पाण्यात पडली की मेली म्हणून समजा."

हे वाक्य मी गाठीला बांधून ठेवलं.

पाच माशांत एक हळदीसारखा पिवळा होता, दोन पट्ट्यापट्ट्यांचे, एक निळसर आणि एक अगदीच साधा, मातकट. मालक सकाळी उठले की खुर्ची टाकीसमोर हवी असायची. जेवतानाही तिकडंच तोंड. कार्तिक संपायच्या सुमारास येसूबाई मागच्या दारात येऊन म्हणाली, "अक्का, अप्पा 'मासा' म्हनलं की."

येसूबाई आमच्याकडं धुणंभांडी आणि झाडलोट करायची. बुधवार पेठेत राहायची. तिचा नवरा आमच्याच कारखान्यात होता आणि ती स्वतःही तरुणपणी तिथं तुटलेले धागे सांधायचं काम करायची. नवरा गेल्यावर आमच्या घरी आली, त्याला चौदा वर्षं झाली होती. ती पुढच्या दारानं हॉलमध्ये यायची, झाडायची, टाकीची काच पुसायची. स्वयंपाकघराचा उंबरा मात्र तिनं कधी ओलांडला नाही, आणि तिनं घासलेली भांडी मी पुन्हा एकदा पाण्यातून काढून आत न्यायची. तिच्यादेखत काढायची. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं.

मी हात पुसत पळाले. मालकांसमोर बसून म्हटलं, "म्हणा, मासा." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि तोंड मिटून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी दाराआड उभी राहिले. येसूबाई काच पुसत होती आणि ते म्हणाले, "मासा. पिवळा." स्पष्ट म्हणाले. मला आनंद झाला, आणि त्याच क्षणी येसूबाईचा रागही आला. पंचवीस वर्षं ज्याच्या ताटात भाकरी वाढली त्याचा पहिला शब्द दुसऱ्या बाईला मिळतो, हे मला सहन झालं नाही. खोटं कशाला बोलू.

डॉक्टर खूश झाले. म्हणाले, हा धागा तुटू देऊ नका. आता बोलते राहिले तर सुधारतील, गप्प बसले तर कायमचे गप्प बसतील. त्यामुळं मासे म्हणजे नुसते मासे राहिले नव्हते.

आणि मासे कमी व्हायला लागले.

आधी निळसर गेला. सकाळी मोजले तर चार. तरंगताना दिसला नाही, तळाला पडलेला नाही, काटासुद्धा नाही. मी टाकी ठेवलेल्या तख्ताखाली वाकून बघितलं, मोरीची जाळी काढून बघितली, पंप उचलून त्याखाली बघितलं. शेजारच्या सोजरबाईचं मांजर माझ्या डोक्यात आलं. पण झाकण बंद होतं आणि मांजर झाकण पुन्हा लावून जात नाही. तरी मी दोन दिवस त्या मांजराच्या मिशा हुंगायच्या बाकी ठेवल्या होत्या.

आठ दिवसांनी पट्ट्याचा एक गेला. त्या दिवशी मालक "मासा" म्हणायचे थांबले. पुन्हा "अं... अं..." सुरू झालं आणि डावा हात उचलून टाकीकडं दाखवायला लागले. मी त्यांच्या बोटाच्या रोखानं पाहिलं. टाकीसमोर फडकं हातात धरून येसूबाई उभी होती, आणि बोट तिच्यावर होतं.

त्या दिवसापासून माझी नजर तिच्यामागं लागली. ती टाकीसमोर फार वेळ उभी राहते, हे मला दिसलं. कधी गुडघ्यावर बसून दगडाच्या भोकांत डोळा लावते, हे दिसलं. एकदा तिच्या उजव्या हाताची चोळीची बाही कोपरापर्यंत ओली होती. एकदा तिच्या पदराला सुकटीचा वास आला. हे मासे खाणारे लोक, असं माझ्या मनात आलं. बोटभर माशाची काय भाजी होणार, एवढा साधा हिशोबसुद्धा मी केला नाही. संशयाला पोट भरायला फार काही लागत नाही.

मग मी शक्कल लढवली. कारखान्यातून तांबडा दोरा आणला, टाकीवर झाकणासकट आडवा उभा गुंडाळला आणि त्याला सांध मारली. सांध म्हणजे मागावर तुटलेला धागा जोडायची गाठ. एवढीशी असते, कापडात दिसतही नाही आणि ओढून सुटत नाही. दोन टोकं मी कात्रीनं सारखी केली. झाकण उघडायचं तर दोरा तोडावाच लागणार. चार दिवस मी सकाळ-संध्याकाळ गाठ तपासत होते. माशांचं खाणं मीच दोरा कापून घालायची आणि नवा बांधायची.

पाचव्या दिवशी मातकट मासा नाहीसा झाला. गाठ जशीच्या तशी होती.

आता यावर शहाण्या माणसानं काय म्हटलं असतं? झाकण उघडलंच नाही, म्हणजे जे काय झालं ते आतल्या आत झालं. मी काय म्हटलं? सांध सोडून पुन्हा हुबेहूब तशीच मारणारं कुणीतरी घरात येतं. आणि आमच्या घरात सांध मारायचं काम केलेली बाई एकच होती. इतका नेमका माणूस हाताला लागल्यावर मला रात्री शांत झोप लागली.

तरी मी बोलले नाही. मला तिला रंगेहाथ धरायचं होतं.

सोमवारी मी सिद्धेश्वराला जात असे. त्या सोमवारी मुद्दाम अर्ध्या वाटेवरून परत फिरले. गड्ड्याची जत्रा पंधरा-वीस दिवसांवर आली होती आणि रस्त्यात पाळण्यांचे सांगाडे उतरत होते. मी चपला हातात घेऊन घरात शिरले. हॉलमध्ये टाकीचं झाकण बाजूला होतं आणि तांबडा दोरा खाली पडलेला. टाकीत दगड नव्हता. उरलेले दोन मासे कोपऱ्यात एकमेकांना चिकटून होते. मालकांची खुर्ची टाकीसमोरून फिरवून मागच्या दाराकडं तोंड करून ठेवलेली. त्यांना टाकी दिसू नये म्हणून फिरवली, हे माझ्या लगेच लक्षात आलं.

मागच्या अंगणात येसूबाई बादलीवर वाकून बसली होती. बादलीत हौदाचं गोडं पाणी होतं आणि त्या पाण्यात दगड बुडवलेला.

"काय करायलीस?"

ती दचकली नाही. उलट तिनं हात वर करून मला थांबवलं. "अक्का, वाईच थांबा. बोलू नका. दोन मिंटं."

मला, माझ्या अंगणात, बोलू नका. माझ्या डोक्यात सणक गेली. भावजींचं वाक्य आठवलं, गोड्या पाण्यात पडली की मेली. मासे चोरून भागलं नाही, आता ही टाकीच मारायला निघाली आहे. मी दोन्ही हात घालून दगड बादलीतून उचलला. निथळत आत नेला आणि टाकीत ठेवून दिला. ती माझ्यामागून, "अक्का, आदी ऐका तरी. त्यात हाय ते. अप्पांनी दावलंय," असं काहीबाही म्हणत होती. मी ऐकलं नाही. तिचा दंड धरून हॉलमधून पुढच्या पायऱ्यांवर आणलं.

आणि तिथं मी बोलले. माझा आवाज मालकांइतका नसला तरी गल्लीला पुरतो. "चौदा वर्षं घरात घेतली ती चोर निघाली. आजारी माणसाचे मासे चोरलेस. खाऊन खाऊन तोंडाला चटक लागली म्हणून यांचे पण सोडले नाहीस. पुन्हा या पायरीवर पाय ठेवू नको." सोजरबाई तिच्या दारात आली. समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. आतून मालकांचा आवाज येत होता, नुसता आवाज, शब्द नाही, गाय हंबरावी तसा. मला वाटलं, त्यांनाही राग आला आहे. तिचाच.

येसूबाईनं खांद्यावरचं काच पुसायचं फडकं काढलं, त्याची घडी घातली आणि पायरीवर ठेवलं. एकदा आत मालकांकडं बघितलं. मग चालायला लागली.

त्यानंतर मालक माझ्याकडं बघायचेच थांबले. मी घास भरवला तर खायचे, पण डोळे मिटून. "अं"सुद्धा नाही. टाकीसमोर खुर्ची ठेवली की तेवढे डोळे उघडायचे. मी म्हटलं, चोर गेला, आता दोन तरी राहतील. मी दोरा पुन्हा बांधला नाही. गरजच काय होती?

सहाव्या दिवशी सकाळी टाकीत एकटा पिवळा होता.

मी टाकीसमोर बसले. येसूबाई घरात नव्हती. सहा दिवस घरात बाहेरचं कुणीच आलं नव्हतं. मी आधी जावयांवर संशय घेऊन पाहिला, तो काही टिकला नाही. मग स्वतःवरही घेऊन पाहिला. झोपेत चालते की काय मी, असंसुद्धा वाटून गेलं. आणि आता पिवळा गेला की मालक त्या खुर्चीत बसून कशाकडं बघणार होते?

"अं," मालक म्हणाले.

मी वळले. त्यांनी डावा हात उचलला होता. बोट टाकीकडं होतं, त्याच जागी, त्याच रोखानं. त्या जागी आता कुणी उभं नव्हतं.

मी उठून त्यांच्या खुर्चीमागं गेले, वाकले, माझा गाल त्यांच्या कानाला लावला आणि त्यांच्या बोटावरून पाहिलं. बोट दगडाच्या खालच्या अंगाला, अंगठा जाईल एवढ्या एका भोकाकडं गेलेलं होतं. मी पाहत राहिले. बराच वेळ काही नाही. मग त्या काळोख्या भोकात दोन दाणे हलले. देठावर बसवल्यासारखे दोन डोळे. ते एकदा इकडं वळले, एकदा तिकडं, आणि आत गेले.

दोन महिने ते माझ्याच घरात राहून माझ्याकडं बघत होतं आणि मी मांजराच्या मिशा तपासत होते.

पण ते काढायचं कसं? भोकात काडी घालून पाहिली. टक्‌ असा आवाज आला आणि काडीचं टोक चिरलं गेलं. पुन्हा हात घालायचं मला धैर्य झालं नाही. वास्कोला तार करायची ठरवली, पण भावजी येईपर्यंत पिवळा राहील का? स्वयंपाकही अजून पुढ्यात होता. गड्ड्याच्या आधीचे दिवस, बाजारात फ्लावर चांगला येत होता. मी रोजच्या सवयीनं मागच्या अंगणात परातीत पाणी घेतलं, मूठभर मीठ टाकलं, चिमूटभर हळद टाकली आणि फ्लावरचे तुरे त्यात बुडवले.

आमच्या घरात जीव मारत नाहीत. मुंगीलासुद्धा वाट करून देतात. म्हणून फ्लावर चिरायच्या आधी अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवायचा. आतल्या हिरव्या अळ्यांना खारं सोसत नाही, त्या आपोआप बाहेर येतात. मग त्या पानावर घेऊन कुंपणाच्या मेंदीवर सोडायच्या. हे माझ्या आईनं मला शिकवलं आणि मी लग्न झाल्यापासून असंच करत आले. त्या अंगणात, धुण्याच्या दगडावर, भांडी घासणाऱ्या येसूबाईच्या समोर.

पहिली अळी तुऱ्यातून बाहेर आली आणि पाण्यावर वळवळायला लागली. मी तिच्याकडं बघत होते, पान हातातच राहिलं.

मीठ ज्याला सोसत नाही, ते मिठाच्या पाण्यात टाकायचं. आणि जे मिठातच जन्मलं, ते?

ती दोन मिनिटं मागत होती.

मी काय करते आहे ते मालकांना दिसावं म्हणून मी खुर्ची ओढत मागच्या दाराशी आणली. तेव्हा कळलं की खुर्ची त्या दिवशीही याचसाठी फिरवलेली होती. तो दोघांचा बेत होता. एकाला वाचा नव्हती आणि दुसरीला घरात बोलायची मुभा नव्हती, एवढाच काय तो त्यात दोष.

बादलीत हौदाचं पाणी घेतलं आणि दगड बुडवला. मी घड्याळाकडं बघत बसले. आधी केसासारखे दोन-तीन किडे निघून तळाला पडले. मग बुडबुडे आले. मला वाटलं, माझी चूक होते आहे, दगड मरेल, पिवळा मरेल. हात पुढं गेला, तसा मालकांनी आवाज केला. मी हात मागं घेतला. आणि मग ते भोकातून बाहेर आलं, उलटं, शेपटीकडून. माझ्या वितीएवढं होतं. अंग कोळंबीसारखं खवल्याखवल्यांचं, रंग शेवाळी, आणि पुढचे दोन पाय विळ्यासारखे घडी करून छातीशी धरलेले. पाण्यात येताच त्यानं बादलीला अशी धडक दिली की पत्रा वाजला. मी गाळणीनं उचललं आणि आधीच टाकीतलं खारं पाणी भरून ठेवलेल्या लोणच्याच्या काचेच्या बरणीत सोडलं. वर फडकं बांधलं. येसूबाईनं घडी घालून ठेवलेलं तेच.

मालकांनी बरणीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. सहा दिवसांत पहिल्यांदा. बोलले मात्र नाहीत. डोळ्यांनी पुढच्या दाराकडं दाखवलं.

त्याच दुपारी मी बरणी पदराखाली घेऊन बुधवार पेठेत गेले. चौदा वर्षांत तिचं घर मी पाहिलं नव्हतं. विचारत विचारत गेले. येसूबाई दारात बसून तांदूळ निवडत होती. ती उठली नाही, पण बस म्हणून सरकून जागा केली. तिच्या सुनेनं पाण्याचा तांब्या-भांडं आणून ठेवलं. भांडं लखलखीत घासलेलं होतं. मी ते उचललं, पाणी प्याले आणि रिकामं खाली ठेवलं. येसूबाई तिकडं बघत होती.

मी फडकं सोडून बरणी पुढं केली. तिनं ती उजेडात धरून निरखून पाहिली.

"ह्येच ते," ती म्हणाली. "मी नुस्तं डोळं बगितलं हुतं. एवडं मोटं असंल वाटलं न्हवतं."

"तुला कसं कळलं?"

"अप्पांनी दावलं. बोटानं. मी इचारलं, दगडात हाय का, तर मान हलवली. मग तुमचा फ्लावर आटवला. अळी गोडी, ती मिठाला भेती. ह्ये खारं, गोड्याला भेल की. अप्पांना इचारलं तर हासलं. लई दिसांनी हासलं."

हसले. माझ्यासमोर ते झटक्यानंतर एकदाही हसले नव्हते.

"मला का नाही सांगितलंस मग?"

"दोनदा सांगाया आले, अक्का. एकदा तुमी पूजेत हुता. दुसऱ्यांदा टाकीला दोऱ्याची गाट मारत हुता." तांदळातला एक खडा तिनं बाजूला टाकला. "सांध मारत हुता. ह्या घरात ती सोडनारी कोन, ते मला कळत न्हाय का? गाट कुनासाटी हाय ते कळलं. मग काय बोलायचं ऱ्हातंय?"

मी मान खाली घातली. म्हटलं, "चूक झाली. माझीच झाली. उद्यापासून ये. मालक बोलत नाहीत, येसूबाई. तू गेलीस तसे गप्प झाले ते कुणाशीच नाहीत बोलले. आता गप्प राहिले तर डॉक्टर म्हणतात..."

"ठावं हाय डॉक्टर काय म्हनत्यात ते." तिनं सूप खाली ठेवलं. "अप्पांसाटी येते मी. पर ह्ये माज्या दारात बोललं न्हाई तरी चालतंय. हितं मला कुनी चोर म्हनलं न्हवतं. जितं म्हनला तितं म्हना."

मला वाटलं होतं, ती रडेल, नाहीतर मला शिव्या देईल. दोन्हीची माझी तयारी होती. याची नव्हती. पायरीवर उभं राहून मी आजवर फक्त दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या होत्या. वाटेत मी चारदा ठरवलं की हे काही आपल्याच्यानं व्हायचं नाही, जाऊ दे, दुसरी बाई बघू. ती माझ्यामागून वीस पावलं अंतर ठेवून येत होती. वळून पाहिलं की थांबायची.

आमच्या गल्लीत शिरलो तेव्हा पाच वाजले होते. सोजरबाई दारात बसून वाती वळत होती. समोरच्या दुकानात तीच माणसं होती. मी पायऱ्या चढले आणि वरच्या पायरीवर वळले. येसूबाई खाली रस्त्यावर उभी राहिली, हात पदरात गुंडाळून. माझ्यामागं दार उघडं होतं आणि आत मालक खुर्चीत होते.

मी बरणी उंच धरली. आतलं ते जित्राब काचेवर आपटलं. सोजरबाई वाती टाकून जवळ आली.

"हा चोर," मी म्हटलं. "टाकीतले मासे यानं खाल्ले. दगडातून आला होता."

लोक बरणीकडं बघायला लागले. अगबाई, केवढं ते, असं कुणी म्हणालं. मला वाटलं, झालं, एवढ्यात भागलं. मी येसूबाईकडं पाहिलं. ती बरणीकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती, तांदूळ निवडताना होती तशीच शांत.

मग मी ते म्हटलं. "येसूबाईनं काही घेतलं नव्हतं. ती त्याला बाहेर काढत होती. मी तिला चोर म्हटलं ते खोटं होतं." पण आवाज बारीक होता आणि मान खाली होती. ते शब्द माझ्या हनुवटीच्या पुढं गेले नसतील. सोजरबाईनं कानाला हात लावला. दुकानातल्यांना तर ओठ हलले तेवढेच दिसले असतील.

येसूबाई हलली नाही.

आणि माझ्या पाठीमागून, हॉलमधल्या वेताच्या खुर्चीतून, जड, तुटका, पण सोळा मागांच्या वर जायचा तोच आवाज आला.

"मो... ठ्यानं."